आधी मोजून ठेवलेला समुद्र

बडोद्याला समुद्र नाही, हे इतकं उघड आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही. सूरसागर आहे, पण तो तलाव. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत, पावसाळ्यात ती न बोलावता घरातही येते. पण खारं वारं, भरती-ओहोटी, सुकवलेल्या मासळीचा वास यांतलं काही बडोदेकराच्या वाट्याला आलेलं नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आम्ही लक्ष्मीविलास दाखवतो, मग कमाटीबाग, आणि बरोबर पोरंबाळं असली तर तिथल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा. १९४४ साली महीसागरच्या मुखाशी वाहून आलेला निळा देवमासा, बावीसेक मीटर लांब. तीन पिढ्यांचे बडोदेकर त्या सांगाड्याशेजारून तोंडाचा आ करून गेले आणि बाहेर येऊन शेव-उसळ खाताना पुन्हा म्हणाले, "आपल्याकडे समुद्र नाही ना!"

समुद्राला मात्र बडोदा चांगलंच ठाऊक आहे. आमच्या आसपासच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९८३ पासून पन्नासहून अधिक किलोमीटरच्या एका कालव्यानं खंभातच्या आखाताकडे जातं. ही झाली जाणारी बाजू. येणारी बाजू त्याहून मोठी, आणि ती खंभातच्या नव्हे तर कच्छच्या आखातातून येते. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सोव्हिएत मदतीनं सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी तेल जवळचं होतं. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं होतं, तेच इकडे आणायचं. पण रिफायनरीची भूक वाढली, आणि १९७८ मध्ये सौराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वाडीनारहून पाइपलाइन आली. परदेशातलं कच्चं तेल वाडीनारला उतरायचं, विरमगामला यायचं, तिथून एक फाटा मथुरेला आणि एक आमच्याकडे. म्हणजे रात्री गोरव्याकडून जाताना कोयलीच्या चिमणीवर जी ज्योत दिसते, तिची मुळं शोधत गेलं तर आपण प्रवाळाच्या खडकांपाशी पोचतो.

मी नोकरीची सगळी वर्षं पाण्याचे नमुने तपासण्यात घालवली. एका खाजगी प्रयोगशाळेत. बोअरचं पाणी, बॉयलरचं पाणी, नाल्याचं पाणी, आणि मधूनमधून थर्मोकोलच्या पेटीत बर्फात बसून आलेलं समुद्राचं पाणी. त्यामुळे समुद्र मी आधी बाटलीत पाहिला आणि नंतर डोळ्यांनी, असं म्हणायला हरकत नाही. तेलगळतीची बातमी आली की सगळ्यांना काळे पक्षी आणि मेलेले मासे आठवतात. मला आठवतं ते एकच: आधीचे आकडे कुणाकडे आहेत?

ते का, हे सांगायचं तर आधी वाडीनार समजून घ्यावं लागेल.

कच्च्या तेलाची मोठाली जहाजं धक्क्याला लागत नाहीत. दोन-तीन लाख टन तेल पोटात असलेल्या जहाजाला बुडाशी वीस मीटरहून जास्त पाणी लागतं. एवढं खोल पाणी किनाऱ्याला कुठून आणणार? म्हणून आखातात आत, खोल जागी, एक प्रचंड बोया साखळदंडांनी तळाशी जखडून ठेवलेला असतो. त्याचं नाव सिंगल पॉइंट मूरिंग, पण तिकडे सगळे त्याला नुसतं 'एसपीएम' म्हणतात. जहाज नाकाशी दोरखंडानं या बोयाला बांधतात आणि वारा-प्रवाह फिरेल तसं ते बोयाभोवती फिरत राहतं. पाण्यावर तरंगणाऱ्या जाडजूड होजमधून तेल बोयात, बोयातून तळाशी टाकलेल्या नळात आणि नळातून किनाऱ्यावरच्या टाक्यांत. रोजचं काम आहे, आणि बहुतेक रोज ते निर्धोकपणे पार पडतं. इथे न्यायानं बोलायला हवं: टँकरमधून तेल सांडण्याचं प्रमाण जगभरच खूप कमी झालंय. १९७०च्या दशकात सात टनांहून मोठ्या गळत्या वर्षाला सरासरी सत्तरहून जास्त व्हायच्या. २०१०च्या दशकात ती सरासरी सातच्याही आत आली. दुहेरी कवचाची जहाजं, जहाजांच्या रहदारीवर रडारची नजर, कडक तपासण्या, सगळ्याचा हातभार. पण कच्छच्या आखातात जहाजांची वर्दळ काही कमी झालेली नाही. कांडला, म्हणजे आताचं दीनदयाळ बंदर, मुंद्रा, सिक्का, वाडीनार, बेडी, सगळे त्याच पाण्यात.

आणि ते पाणी साधं नाही. आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंडाशी सत्तरेक किलोमीटर रुंद, आत जाऊ तसं चिंचोळं आणि उथळ. भरतीचं पाणी आत ढकललं गेलं की जागा कमी पडते आणि ते वर चढतं. कांडल्याला मोठ्या भरती-ओहोटीतला फरक सात मीटरच्या घरात जातो. एवढं पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हणजे ओढ जबर असणार. दोन-तीन नॉटचा, म्हणजे ताशी दोन-तीन सागरी मैलांचा, प्रवाह तिथे नवलाचा नाही.

आता तेल सांडल्यावर पहिली वस्तू काय काढतात? बूम. पाण्यावर तरंगणारा, खाली झालर असलेला लांबच लांब पट्टा, ज्यानं तेल अडवायचं. बातम्यांमधल्या फोटोंत तो नारिंगी रंगाचा दिसतो आणि बघणाऱ्याला धीर येतो. पण बूम प्रवाहाला आडवा लावला आणि प्रवाह पाऊण नॉटच्या वर गेला, की तेल झालरीखालून निसटायला लागतं. कितीही भारी बूम आणा. हा बनावटीतला दोष नव्हे, पाण्याचा स्वभाव आहे. म्हणून जोरदार प्रवाहात बूम तिरका लावतात. तेल अडवायला नाही, तर वळवून एखाद्या शांत कोपऱ्यात न्यायला, जिथून ते स्किमरनं, म्हणजे तवंग ओढून घेणाऱ्या यंत्रानं, उपसता येईल. म्हणजे कुठला कोपरा शांत, तो कोणत्या प्रहराला शांत, आणि त्या कोपऱ्यात तेल गेलं तर कुणाचं नुकसान सगळ्यात कमी, हे आधीच माहीत पाहिजे. गळती झाल्यावर नकाशा उघडून बसायला वेळ नसतो. तेल प्रवाहाबरोबर पूर्ण वेगानं जातं आणि वर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के आणखी. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था असा तवंग कुठे जाईल याचा अंदाज संगणकावर काढून देते, तो उपयोगी आहे. पण तेल पोचणार तिथे काय आहे, हे संगणक सांगू शकत नाही. ते कुणीतरी पायी जाऊन पाहून ठेवलेलं असावं लागतं.

काय आहे तिथे? ओख्यापासून जोडियापर्यंतच्या किनाऱ्याला बेचाळीस बेटं, प्रवाळ, तिवरांची जंगलं. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान इथे झालं. म्हणजे १९७८ ला तेल आलं आणि चार वर्षांनी उद्यान. दोघं तेव्हापासून शेजारी नांदताहेत. गुजराती लोक तिवराला चेर म्हणतात. त्याची पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून वर डोकावतात आणि हवा घेतात. त्यांच्यावर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरतं, आणि चिखलातून तेल काढायला गेलं तर पायांनी ते आणखी खाली दाबलं जातं. म्हणून किनाऱ्यांच्या संवेदनशीलतेची जी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, तिच्यात लाटांनी धुतला जाणारा उघडा कातळ एक नंबरला, म्हणजे सर्वात कमी काळजीचा, आणि तिवरं दहा नंबरला. तेल विरघळवणारी, खरं तर बारीक थेंबांत फोडणारी रसायनं असतात. पण उथळ पाण्यात, प्रवाळाजवळ ती फवारणं म्हणजे वरची घाण तळाला पोचवणं.

भाची एम.एस. युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकते. तिला नरारा बेटाला जायचं होतं, म्हणून मीही निघाले. नरारा वाडीनारच्या अगदी लगत. ओहोटीला चालत प्रवाळावर जाता येतं अशी जागा आपल्या देशात विरळा. वनखात्याची परवानगी काढायची, गाइड बरोबर घ्यायचा, आणि पाणी ओसरेल तसं त्याच्या मागून जायचं. घोट्याभर पाणी, पायाखाली कधी गाळ, कधी धारदार खडक. "बेन, पग संभाळीने मूकजो," असं गाइडभाईंनी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी मान वर करणंच सोडलं आणि त्याचा फायदाच झाला. खाली पाहायचं असतं तिथे. एका दगडाच्या कडेला मुठीएवढा करडा गोळा होता, वर मेंदूसारख्या वळ्या, आणि वळ्यांच्या मधल्या रेघांत बारीक हिरवट झाक. जिवंत प्रवाळ. शेजारी पांढरा पडलेला, तसाच, पण मेलेला. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. भाचीनं पीव्हीसी पाइपची चौकट काढली, खडकावर ठेवली आणि आतलं मोजायला सुरुवात केली: समुद्रफुलं किती, खेकडे किती, शंख कोणते, रिकामी जागा किती टक्के. मी वहीत लिहीत होते. एक चौकट भरायला तिला पुष्कळ वेळ लागायचा, कारण ती शेवाळ बाजूला सारून खालचंही बघत होती. गाइडभाई कंटाळले. पफर मासा फुगवून दाखवायची त्यांना हौस, पण आमच्या ताईंना मासे नको, चौकट हवी. मध्येच पाठ सरळ करायला उभं राहिलं की एका बाजूला टाक्यांची रांग, दुसरीकडे क्षितिजावर टँकरची काळी आडवी रेघ.

"आत्या, हा फक्त आजचा आकडा," ती म्हणाली. "एकट्याचा काही उपयोग नाही."

खरं होतं. पण तो नसता तर पुढच्या आकड्याचाही उपयोग नव्हता.

तयारीचा एक चेहरा सगळ्यांना दिसतो. आपल्याकडे तेलगळतीशी लढण्याची राष्ट्रीय आपत्ती योजना १९९६ पासून आहे आणि तिची सूत्रं तटरक्षक दलाकडे आहेत. सातशे टनांपर्यंतची गळती पहिल्या पायरीची, ती बंदरानं किंवा कंपनीनं आपल्या साधनांनी निस्तरायची, दहा हजार टनांपर्यंत दुसरी पायरी, त्यापुढे तिसरी. मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) आणि वाडीनार इथे दलाची प्रदूषण-निवारण केंद्रं आहेत. देशात चार, त्यांतलं एक आमच्या तेलाच्या उंबऱ्यावर. दर काही काळानं मोठा राष्ट्रीय सराव होतो. २०२३ च्या नोव्हेंबरात तो वाडीनारजवळच झाला, परदेशी निरीक्षकही आले होते. जहाजं, हेलिकॉप्टर, बूम, स्किमर. मला या सरावांची टिंगल करायची नाही. २०१७ च्या जानेवारीत एन्नोरजवळ दोन जहाजं आपटली तेव्हा किनाऱ्यावर विद्यार्थी आणि कोळी बादल्यांनी चिखलासारखं तेल उपसत होते. ज्यानं ती दृश्यं पाहिली तो सरावाला नाव ठेवणार नाही. आणि आपल्या मुंबईचं विसरायला नको: ७ ऑगस्ट २०१० ला बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर, समुद्रात कंटेनर तरंगताहेत, आणि तेल उरण-अलिबागच्या तिवरांत.

पण हेलिकॉप्टरचा सराव करता येतो, तसा माहितीचा करता येत नाही. ती जमवावी लागते, आणि जमवायची वर्षं ही नेमकी काहीच न घडणारी वर्षं असतात. काहीच घडत नाही अशा कामाला पैसे मागायला गेलं की साहेब काय म्हणतात, ते मी नोकरीत पुष्कळ ऐकलंय.

वेल्समधलं मिलफर्ड हेवन हे असंच एक चिंचोळं, तेव्हा रिफायनऱ्यांनी वेढलेलं समुद्राचं बोट. तिथे उद्योग, बंदर आणि सरकारी संस्था यांनी मिळून १९९२ मध्ये पर्यावरणावर लक्ष ठेवणारा एक गट उभा केला. काही झालं नव्हतं तेव्हा. १९९६ च्या फेब्रुवारीत सी एम्प्रेस हे जहाज तोंडाशीच खडकावर चढलं आणि बहात्तर हजार टन कच्चं तेल सांडलं. वेस्ट अँगल नावाच्या छोट्या उपसागरात एक नखाएवढा दुर्मीळ तारामासा होता. त्याची मोजणी आधीपासून चालू होती. गळतीनंतर थोडेच शिल्लक राहिले हे म्हणूनच कळलं, आणि पुढे काही वर्षांत ते सावरले हेही म्हणूनच कळलं. मोजलं नसतं तर तो मासा तिथे होता हेच कुणाच्या गावी नसतं.

अलास्काची गोष्ट याच्या उलट. २४ मार्च १९८९ ला प्रिन्स विल्यम साउंडमध्ये एक्सॉन व्हाल्डेझमधून सदतीस हजार टन तेल सांडलं. चार वर्षांनी, १९९३ मध्ये, तिथली हेरिंग मासळी एकाएकी कोसळली. तेलामुळे? रोगामुळे? उपासमारीमुळे? आधीची पुरेशी माहिती नव्हती, आणि शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. कोळ्यांचा धंदा मात्र बसला, त्यात कुणाचं दुमत नाही. पण तिथून एक चांगली गोष्ट निघाली. १९९० च्या कायद्यानं स्थानिक नागरिकांच्या सल्लागार परिषदा आल्या: कोळी, गावकरी, मूळ रहिवासी यांच्या, खर्च तेल कंपन्यांनी द्यायचा, पण म्हणणं लोकांचं. त्यांतल्या प्रिन्स विल्यम साउंडच्या परिषदेनं १९९३ पासून वर्षानुवर्षं ठरलेल्या जागांवरून शिंपले गोळा करून तपासलेत. शिंपला एका जागी चिकटून बसतो, पाणी गाळत राहतो, आणि तेलातले बरेच घटक त्याला पचवून बाहेर टाकता येत नाहीत. तो खोटं बोलत नाही. आणि किनाऱ्यावरचे कोळी स्वतःच्या बोटी घेऊन तेल आवरण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतात. इकडे कच्छच्या आखातावरच्या सलाया किंवा सिक्क्याच्या मच्छीमाराला आखाताची ओढ जेवढी कळते तेवढी कुठल्या अधिकाऱ्याला कळणार? पण त्याला कुणी रीतसर विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. कंटाळा आला तर हा परिच्छेद ओलांडून जा, पण गोम इथेच आहे.

पाण्यातलं तेल मोजायचं तर नमुना काचेच्या गडद बाटलीत घ्यायचा, प्लॅस्टिक अजिबात नाही. बाटली हेक्झेन या द्रावकानं धुतलेली. बूच उघडायचं ते पृष्ठभागाच्या मीटरभर खाली, नाहीतर वरचा तवंग आत येतो आणि आकडा फुगतो. बोटीच्या इंजिनापासून लांब. हाताला क्रीम नको. प्रयोगशाळेत ते पाणी सेपरेटिंग फनेलमध्ये हेक्झेनबरोबर हलवायचं. तेलकट भाग हेक्झेनमध्ये उतरतो, वर पातळ थर येतो, खालचं पाणी तोटीतून सोडून द्यायचं. मग यंत्रात ३१० नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा आणि ३६० ला किती चमकतंय ते वाचायचं. चमक कशाशी ताडायची? कुणी क्रायसिन नावाच्या शुद्ध रसायनाशी ताडतं, कुणी एखाद्या कच्च्या तेलाशी. दोन्ही चालतं, पण दोन्हींचे आकडे एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. यंदा एका प्रयोगशाळेचं टेंडर, पुढल्या वर्षी दुसरीचं, कारण तिचा दर कमी. पद्धत बदलली, मानक बदललं, एकानं भरतीला नमुना घेतला, दुसऱ्यानं ओहोटीला. अहवाल दहा वर्षांचा, पण दहा वर्षांची रांग काही लागत नाही.

आणि 'बीडीएल'. बिलो डिटेक्शन लिमिट. यंत्राला दिसलं नाही. अहवालांत या तीन अक्षरांचे रकानेच्या रकाने असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, व्वा, समुद्र निर्मळ आहे. पण ज्या यंत्राची किंवा पद्धतीची नजरच मंद, त्याला काय दिसणार? डोळे मिटून घेतले तर कुणालाच काही दिसत नाही. मर्यादा किती होती, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर बीडीएल ही माहिती नाही, ती कोरी जागा आहे. मी निवृत्त झाल्यावर एका कार्यालयात आखातातल्या देखरेखीचे जुने अहवाल बघायला मिळतील का, म्हणून विचारायला गेले. आधी चहा मिळाला. मग "बेन, तुम्ही कुठल्या कंपनीकडून?" मी म्हटलं, घरातून. मग माहिती अधिकाराचा अर्ज, मग पानांचे पैसे, मग बऱ्याच काळानं झेरॉक्स: सगळीकडे बीडीएल, मर्यादा कुठेही नाही, आणि नमुन्याच्या जागांचा नकाशा काळा आलेला. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच्या अटींचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो दिला जातो, फाइलीत लागतो, अट पूर्ण होते. त्या कागदाचा वाचक कोण, हा प्रश्न त्या साखळीतल्या कुणाच्याच टेबलावर येत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी चोख काम होतं, हेही खरं. पण ते काम आणि सलायाचा मच्छीमार यांची गाठ पडत नाही.

कोकणात मे-जूनमध्ये फिरायला गेलेल्यांना वाळूतले डांबराचे गोळे माहीत असतील. तळपायाला चिकटतात, खोबरेल तेलानं निघतात, चप्पल मात्र वाया जाते. ते कुठून आले याचा पत्ता तेलातच असतो. प्रत्येक कच्च्या तेलात होपेन, स्टेरेन अशा संयुगांचं प्रमाण वेगळं, आणि ती संयुगं ऊन-पाऊस-जिवाणूंना सहजी दाद देत नाहीत. गोळ्यातलं तेल आणि संशयित जहाजातलं तेल ताडून पाहता येतं. पण इथेही तेच: ताडायला दुसरा नमुना कुणीतरी आधी जपून ठेवलेला हवा.

हे सगळं मी बडोद्यात बसून एवढ्या हक्कानं का बोलतेय? कारण कच्छच्या आखाताच्या तोंडाची एक जुनी नोंद आमच्या घरची आहे.

ओखामंडळ, म्हणजे द्वारका, बेट (बेट द्वारका), ओखा हा सगळा टापू गायकवाडांचा. बडोद्यापासून लांब, मध्ये दुसऱ्यांची संस्थानं, पण खातं आमचं. सयाजीरावांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या समुद्रजीवशास्त्रज्ञाला तिकडे पाठवलं. सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम केलेला माणूस. १९०५-०६ मध्ये तो ओखामंडळच्या खडकांवर फिरला, जाळ्यांनी तळ खरवडला, नमुने गोळा केले. हेतू रोकडा होता: मोती मिळतील का, शंखांचा धंदा वाढेल का. बेटाला शंखोद्धार उगीच म्हणत नाहीत. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी ज्या पातळ शिंपल्या लावलेल्या दिसतात, त्या जातीचा शिंपलाही त्यानं तिथे पाहिला, त्याच्या शरीररचनेवर आणि उपयोगांवर सविस्तर लिहिलं. पण संस्थानानं त्याला मोत्यांपुरतं थांबवलं नाही. गोळा झालेले स्पंज, किडे, प्रवाळाचे भाईबंद त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे गेले आणि बडोदा सरकारला सादर केलेला अहवाल दोन भागांत छापून निघाला, पहिला १९०९ मध्ये, दुसरा १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना. स्पंजांचं काय एवढं, असं हिशेबनिसानं म्हटलं नसेल? म्हटलं असेल. तरी छापलं. पुढे ओख्याचं बंदरही संस्थानानंच बांधलं, आणि मिठापूरचा रसायन कारखाना आला तोही बडोद्याच्या हद्दीत. उद्योग आणायची हौस तेव्हाही दांडगी होती. फक्त आधी काय आहे ते लिहून ठेवायची बुद्धीही होती.

या अहवालाला डोक्यावर घेऊन नाचायची गरज नाही. तो याद्या देतो, दर चौरस मीटरला किती ते सांगत नाही. तेलाचं मोजमाप त्यात असण्याचा प्रश्नच नाही. नावंही आता बदललीत. एकाच स्पंजाची शंभर वर्षांत तीन नावं झालेली असतात. भाची सध्या तेच करत बसलीय: डाव्या रकान्यात हॉर्नेलच्या वेळचं नाव, मधल्यात आजचं, उजवीकडे अलीकडे तो जीव ओखा, पोशित्रा किंवा नराऱ्याला कुणाला दिसला का. उजव्या रकान्यात रिकामी घरं बरीच आहेत. त्यांतली किती जीव नाहीसा झाल्यामुळे रिकामी आणि किती कुणी बघायलाच न गेल्यामुळे, हे तिला सांगता येत नाही, आणि तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनाही नाही.

म्हणून एक विनंती, खास बडोदेकरांना. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे संस्थानी नोकरीत होते. वहिवाटदार, कस्टमचे कारकून, शाळामास्तर, डॉक्टर, बांधकाम खात्याचे ओव्हरसिअर. माझ्या आजोबांची द्वारकेला बदली झाली तेव्हा आजीनं काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखा गळा काढला होता म्हणे. या मंडळींची पत्रं, रोजनिशा, फोटो दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ इथल्या माळ्यांवर अजून असणार. ओखा, बेट, द्वारका, पोशित्रा इथल्या किनाऱ्याचा फोटो असेल, ओहोटीतला असेल तर फारच छान. तिवरं कुठवर होती, बाजारात कुठला शंख-शिंपला विकायला यायचा, कुठल्या महिन्यात कुठली मासळी, असं एखादं वाक्य पत्रात असेल, तरी चालेल. फोटोच्या मागे तारीख असली तर ती झाकली जाणार नाही असा स्कॅन करा. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा ट्रंक उघडून बघा आणि खाली प्रतिक्रियेत कळवा. मी स्वतः येऊन बघेन, मूळ कागद नेणार नाही.